आकाशाचं एक मिनिट

आवाजमास्तरांनी वाळूचं पोतं खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढायला सुरुवात केली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी दाढी करत होते. पोतं गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. तिसऱ्या फेरीला सेक्रेटरी एका गालावर साबण तसाच ठेवून वर आले.

"मास्तर, घर बदलताय की काय?"

"नाही हो. पृथ्वी चाललीये."

सेक्रेटरींनी पोत्याकडे पाहिलं, त्याच्या शेजारी जमिनीवर ठेवलेल्या मायक्रोफोनकडे पाहिलं, "बरं बरं" म्हणाले आणि उरलेला गाल करायला खाली गेले. एकटा माणूस, बायको जाऊन दोन वर्षं झालेली; अशा माणसाच्या फार खोलात शिरू नये, असं त्यांचं मत होतं. इमारतीत बहुतेकांचं तेच मत होतं. त्यामुळे मास्तरांच्या दारावरची बेल दोन वर्षांत जी काही वाजली, ती मजला चुकलेल्यांनीच वाजवली होती.

मास्तरांनी पस्तीस वर्षं नाटकांना आवाज पुरवले. पत्रा हलवून गडगडाट, सुपात वाटाणे फिरवून पाऊस, करवंट्या आपटून घोडे. त्यांचा एकच नियम होता: आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. तालमीच्या वेळी शेवटच्या रांगेत त्यांची बायको उभी राहायची आणि आवाज पोचला की हात वर करायची. हात वर झाला नाही तर मास्तर पत्रा बदलायचे. पुढे सगळे आवाज कॉम्प्युटरमध्ये फुकट मिळायला लागले आणि मास्तर घरी बसले. मग बायकोही गेली. तेव्हापासून घर इतकं शांत झालं होतं की फ्रिज चालू झाला तरी मास्तर वळून बघायचे.

अशात सोमवारी नृत्य शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला.

"मास्तर, पंचमहाभूतांवर नाच बसवलाय. पाच आवाज हवेत, एकेक मिनिटाचे. कॉम्प्युटरमधले नकोत. तुमच्या हातचे हवेत."

"मी अजून आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"चौकशी केली. गुरुवारी संध्याकाळपर्यंत जमेल? शनिवारी प्रयोग आहे."

मास्तरांनी डायरी चाळल्याचा आवाज काढला. डायरी कोरी होती, पण आवाज उत्तम निघाला. "जमवू," ते म्हणाले. "पण बाई, चार ठीक आहेत. आकाशाला कसला आलाय आवाज?"

"अहो, उलट! पृथ्वीचा गुण गंध, पाण्याचा रस, अग्नीचं रूप, वाऱ्याचा स्पर्श. आणि आवाज हा गुणच मुळी आकाशाचा. जुन्या ग्रंथांत तसंच सांगितलंय."

"म्हणजे मी जन्मभर आकाशाच्या खात्यात नोकरी केली म्हणायची! आणि पगारही तसाच मिळाला."

बाई हसल्या. त्या घरात कुणीतरी हसल्याचा आवाज, फोनमधून का होईना, फार दिवसांनी झाला. हे काम चोख करायचं, असं मास्तरांनी तिथेच ठरवलं. हे चुकलं तर पुन्हा कुणी चौकशी करणार नव्हतं.

तर मंगळवारी सकाळी पृथ्वी झाली. दुपारी पाणी झालं. त्यासाठी मास्तरांनी न्हाणीघरात तासभर तांब्याने एका बादलीतून दुसऱ्या बादलीत पाणी ओतलं. सेक्रेटरींनी आपल्या छताला हात लावून पाहिला आणि प्लंबरला फोन केला. प्लंबर बुधवारी येतो म्हणाला, म्हणजे तो येणार नाही असं सगळ्यांनी धरलं.

खरा घोटाळा अग्नीने केला. मास्तरांनी बिस्किटांच्या पुड्यांचे कागद मायक्रोफोनजवळ चुरगाळले, मधूनमधून वाळक्या काटक्या मोडल्या आणि असा जाळ पेटवला की त्यांनाच क्षणभर ऊब वाटली. आता शेवटची रांग. हात वर करायला कुणी नव्हतं, म्हणून ते काम मास्तर स्वतःच करायचे. त्यांनी नाटकातले दोन मोठे स्पीकर लावले, आग पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी सोय केली, दार ओढून घेतलं आणि आवाज कुठवर येतो ते बघायला जिना उतरले. फाटकापर्यंत आला. रस्त्यापलीकडेही आला. मास्तर खुशीत दुकानापर्यंत गेले आणि आलोच आहोत तर म्हणून दुधाची पिशवी घेतली.

भिंतीपलीकडे राहणाऱ्या वहिनींनी मात्र तो जाळ मोजून चार मिनिटं ऐकला. मग बेल वाजवली, दार बडवलं, "भाऊजी! भाऊजी!" म्हणून हाका मारल्या. उत्तर नाही. आत तडातड चालूच. अग्निशमन केंद्र दोन गल्ल्या सोडून होतं.

मास्तर परतले तेव्हा फाटकात लाल गाडी होती आणि जिन्यात गर्दी होती. त्यांनी घामाघूम झालेल्या एका जवानाला विचारलं, "कोण अडकलंय हो?"

"एक म्हातारे गृहस्थ. एकटेच राहायचे."

"अरेरे! घरचं कुणी नाही?"

"नसावं. बाजूला व्हा, आजोबा."

मास्तर हळहळत बाजूला झाले. वरून दार फुटल्याचा आवाज आला. कच्चं सागवान, पितळी कडी, मास्तरांच्या कानाने ओळखलं, आणि दुधाची पिशवी त्यांच्या हातातून पडली. ते दार त्यांचं होतं.

वर अधिकारी दोन स्पीकरांपुढे उभा होता. "हे काय आहे?"

"अग्नी," मास्तर म्हणाले. मग न राहवून त्यांनी विचारलं, "तुम्हाला खरा वाटला?"

"आजोबा, धूर दिसत नव्हता, तरी मी पाइप जोडायला सांगितला. वीस वर्षं आगी विझवतोय."

अधिकाऱ्याने लेखी समज दिली. मास्तरांनी तो कागद प्रशस्तिपत्रासारखा कपाटात जपून ठेवला.

कडी तुटल्यामुळे दार आता लागत नव्हतं. बुधवारी सकाळी त्या फटीतून वारा घुमायला लागला तो मास्तरांनी तसाच टिपून घेतला. वायू बसल्या जागी मिळाला. उरलं आकाश. त्याची मास्तरांना काळजीच नव्हती. आकाश म्हणजे पोकळी. हा माल त्यांच्याकडे दोन वर्षांपासून पडून होता. त्यांनी फ्रिज बंद केला, घड्याळाचा सेल काढला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मायक्रोफोन ठेवला आणि बटण दाबलं.

"भाऊजी, गॅस बंद आहे ना?" वहिनी थेट आत.

पुन्हा बटण. "पाणी कुठं गळतंय?" प्लंबर आला होता. दिल्या दिवशी आला होता! पुन्हा बटण. सेक्रेटरी नोटीस घेऊन आले आणि नोटीस द्यायची राहून तासभर गप्पा मारत बसले. पुन्हा बटण, तर मुलीचा फोन. ती परगावी असते आणि फक्त रविवारी फोन करते, पाच मिनिटं. आज बुधवार होता.

"बाबा! आग लागली आणि तुम्ही मला सांगत नाही?"

"आग नव्हती गं, तिचा आवाज होता."

ती रडली, रागावली, मग आईच्या आठवणी काढून चाळीस मिनिटं बोलली. कालचा तो घामाघूम जवानही संध्याकाळी डोकावला, ती आग आईला ऐकवायची आहे म्हणाला. शेवटी मास्तरांनी दारावर पाटी लावली: 'शांत राहा. आकाश चालू आहे.' त्यानंतर पाटीचा अर्थ विचारायला अकरा जण आले.

गंमत बघा. दोन वर्षं जी शांतता उशाशी घेऊन मास्तर झोपले, तिचं एक मिनिट आता मागून मिळत नव्हतं. आणि त्यांना त्याचं वाईटही वाटत नव्हतं, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं.

गुरुवारी चारच्या सुमाराला ते मिनिट सापडलं. मास्तर श्वाससुद्धा जपून घेत बसले. साठ सेकंद झाले. त्यांनी कानाला हेडफोन लावून तपासलं. सुंदर पोकळी होती. आणि चाळिसाव्या सेकंदाला तिच्यात एक म्हातारा आवाज सहज म्हणाला, "दूध बघ गं, उतू जाईल."

गॅसवर दूध नव्हतं. मास्तरांनी तीनदा ऐकलं. आवाज त्यांचाच होता. बायको दूध तापत ठेवून खिडकीत जायची, आणि चार वाजता ते रोज तिला असंच ओरडायचे. आपण अजून ओरडतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते उठून वहिनींकडे गेले.

"वहिनी, खरं सांगा. मी घरात एकटाच बोलतो का?"

वहिनींनी हात पुसले. "बोलता की. रोज."

"दोन वर्षं?"

"हो. चारला दुधाचं म्हणता. तेव्हा मी आमचा गॅस बारीक करते." त्या जरा ओशाळल्या. "खरं सांगू? दोन वर्षांत आमचं दूध एकदाही उतू गेलं नाही. आणि परवा तुमचा आवाज नाही, नुसता जाळ. मग काय करणार मी?"

मास्तर घरी आले. दुसरं मिनिट मिळवायला वेळ नव्हता. त्यांनी बाईंना फोन करून सगळं सांगितलं आणि आवाज ऐकवला.

"काढून टाकता येईल," मास्तर म्हणाले. "पण मग मध्ये तुकडा पडेल."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "आकाशाचा गुण आहे तो."

शनिवारी मास्तर रंगमंचाच्या कडेला आपल्या यंत्रापाशी बसले. वहिनी आणि सेक्रेटरी फुकट पासावर आले होते, त्यामुळे त्यांना शेवटची रांग मिळाली होती. पृथ्वी सरकली, पाणी वाहिलं, अग्नी पेटल्यावर चार-पाच प्रेक्षकांनी दरवाजे कुठे आहेत ते पाहून ठेवलं, वारा घुमला. मग आकाश आलं. मुली अगदी स्थिर उभ्या होत्या. सभागृह इतकं गप्प झालं की मास्तरांना आपलं घर आठवलं.

"दूध बघ गं, उतू जाईल."

"अगं बाई, गॅस!" म्हणत शेवटच्या रांगेत वहिनी ताडकन उठल्या आणि बटण बंद करायला त्यांनी हात उचलला. सगळं सभागृह हसलं. वहिनी जीभ चावून खाली बसल्या.

मास्तरांनी मात्र अंधारात तो हात वर झालेला नीट पाहिला. त्यांनी मान हलवली आणि यंत्र बंद केलं. आवाज पोचला होता.