हमीदचाचांची लाइन

आष्ट्यात आमच्या शेजारी हमीदचाचांचं दुकान आहे. बोर्डावर ‘हार्डवेअर’ लिहिलंय, त्यामुळं अधूनमधून कुणी बिघडलेला लॅपटॉप घेऊन आत शिरतं. समोर बिजागऱ्या, कड्या-कोयंडे आणि खिळ्यांची पोती बघून ते मागं फिरायला लागलं, की चाचा थांबवतात. “आपल्याच लाइनीतला हाय. बसा की.” मग चष्मा कपाळावर चढवून लॅपटॉप उलटापालटा करतात आणि एखादा ढिला स्क्रू आवळून देतात. लॅपटॉप सुरू होत नाही, पण गिऱ्हाईक चहा पिऊन जातं.

एकदा सुट्टीवर आलेल्या एका जवानानं सांगितलं, तोफा-रणगाड्यांनाही इंग्रजीत हार्डवेअरच म्हणतात. त्या दिवशी दिवसभर चाचा छाती काढून बसले होते.

“रणगाडा बी आपलाच, संजू,” मला म्हणाले. “फकस्त नट लय मोठं.”

गेल्या वर्षी चाची मोरीत घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. मी दोघांना गाडीत घालून सांगलीला नेलं. एक्स-रेचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, “प्लेट टाकून स्क्रू बसवावे लागतील.”

चाचा खुर्चीत पुढं सरकले. “कशाचं? स्टीलचं का?”

“टायटॅनियम.”

“गंजत न्हाई न्हवं? स्क्रूचं आटं झिजत्यात का?”

डॉक्टर सबुरीचे होते. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. बाहेर आल्यावर चाचा खुशीत म्हणाले, “हुशार माणूस हाय. दुकान चालवंल.” मला वाटलं, या माणसाला काळजी म्हणून नाहीच.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी नर्सनं नवा फोटो हातात दिला. चाचांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. हाडाला लागून पांढरी पट्टी आणि तिच्यातून आरपार गेलेले स्क्रू. मी शेऱ्याची वाट बघत होतो. मग त्यांनी फोटो पाकिटात घातला आणि गादीखाली सरकवला.

“जलमभर हेच इकत आलो,” ते हळू म्हणाले. “लाकडाला दुकतं का, कवा मनातबी आलं न्हाई.”

तेवढ्यात चाचींनी डोळे उघडले. “दुकानात कोण हाय?”

“हाय की माणूस. तू नीज.”

दुकान चाची पडल्या त्या दिवसापासून बंद होतं. चाचांनी चादर सारखी केली आणि चाचींच्या पायावर हात ठेवला. ठेवला म्हणजे, जेमतेम टेकवला.