खुर्चीखालचा मासा

दातांच्या डॉक्टरांनी प्रतीक्षा खोलीत तीन फुटी काचेची टाकी ठेवली होती. तिच्यात बारा निऑन टेट्रा, गप्पींचं एक खटलं, दोन एंजल आणि तळाची काच चाटत फिरणारा एक सकर मासा राहत होता. टाकीची सगळी व्यवस्था काउंटरवर बसणाऱ्या ताईंकडे होती. दर सोमवारी त्या पावच हिस्सा पाणी बदलायच्या, तेही आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेल्या पाण्याने. नळाचं पाणी थेट घातलं तर काय होतं, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात पाहिलं होतं आणि त्याविषयी त्या कुणाशी बोलत नसत.

चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांचे सासरे, आण्णा, प्लॅस्टिकच्या पिशवीत एक बोटभर लांबीचा, पट्ट्यापट्ट्यांचा मासा घेऊन आले.

"ओढ्यातला आहे. आपल्याकडचा," आण्णा म्हणाले. "या रंगीत पाहुण्यांत एक घरचा असू द्या."

"याला खायला काय घालायचं?" ताईंनी विचारलं.

"त्याचं तो बघतो."

डॉक्टरांनी आयुष्यात आण्णांना कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं. मासा टाकीत गेला.

दोन आठवड्यांत टेट्रा बाराचे नऊ झाले. पुढच्या आठवड्यात सहा. ताईंना वाटलं, फिल्टरने ओढून घेतले असतील. त्यांनी फिल्टर उघडून स्पंजसुद्धा पिळून पाहिला. गाळाशिवाय काही निघालं नाही. मग एक-एक करून गप्पी दिसेनाशा झाल्या. घरचा मासा मात्र छान अंग धरत होता. वीतभर झाला, डोकं सापासारखं चपटं झालं, आणि मधूनमधून वर येऊन तो एक घोट हवा पिऊन जायचा.

उलगडा झाला मंगळवारी सकाळी, सहा पेशंटांच्या देखत. घरचा मासा टाकीच्या मध्यभागी शांतपणे उभा होता आणि त्याच्या तोंडातून मोठ्या एंजलचं अर्धं अंग बाहेर आलेलं होतं. बाहेरचा अर्धा भाग अजून हलत होता. सहाही जण, ज्यांना जबडा दुखत असल्याने तोंड उघडता येत नव्हतं ते धरून, आ वासून बघत राहिले. मग दाढ काढायला आलेल्या एक आजी उठल्या आणि पर्स काखोटीला मारून म्हणाल्या, "मला आता बरं वाटतंय." त्यांच्यामागे आणखी चौघांना बरं वाटलं.

उरले फक्त पोस्टमास्तर. त्यांच्या अक्कलदाढेने आठवडाभर त्यांना झोपू दिलं नव्हतं, त्यामुळे जाणं शक्यच नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी टाकी बघितली. "ताई, मी यांना इंजेक्शन देतो. तेवढ्यात त्याला बादलीत काढा. आण्णा आज बाराला येतायत त्याला बघायला. त्याला काही होता कामा नये."

ताईंनी झाकण उघडलं आणि जाळी आत घातली. मासा जाळीत आला, जाळीतून वर आला आणि वरच्या वर बाहेर गेला. फरशीवर पडल्यावर बाकीचे मासे तडफडतात. हा क्षणभर पडून राहिला, मग पोटावर वळला आणि सरपटत निघाला. त्या वाकून सोफ्याखाली बघेपर्यंत तो आतल्या खोलीच्या अर्ध्या उघड्या दारातून आत शिरला होता, आणि हे त्यांना कळलंच नाही.

आत पोस्टमास्तर खुर्चीत आडवे होते. त्यांचा अर्धा जबडा, अर्धी जीभ आणि खालचा ओठ बधिर झाला होता आणि गालात कापसाचे दोन बोळे होते. डॉक्टर पाठ करून हत्यारं मांडत होते. पोस्टमास्तरांनी सहज मान वळवली, तर फरशीवरून एक ओला, पट्टेरी प्राणी त्यांच्याच दिशेने येत होता. तो खुर्चीखाली गेला. त्यांनी दोन्ही पाय वर घेतले.

"आआ हाहा," ते म्हणाले.

"पाय खाली ठेवा. अजून मी हातही लावलेला नाही," डॉक्टर म्हणाले.

"आहा! खाई!"

"दुखतंय? अजून थोडं औषध देऊ." डॉक्टरांनी आणखी एक सुई टोचली. आता पोस्टमास्तरांना नाकही आपलं वाटेना.

तेवढ्यात ताई आत डोकावल्या. त्यांनी कपाटाखाली पाहिलं, बेसिनखाली पाहिलं. "पेन पडलंय," त्या म्हणाल्या आणि गेल्या. दोन मिनिटांनी पुन्हा आल्या. "दुसरं पेन."

पोस्टमास्तरांनी खिशातून बॉलपेन काढलं आणि ट्रेवरच्या कागदी रुमालावर लिहिलं: मासा.

डॉक्टरांनी वाचलं आणि समजुतीने मान हलवली. "मासे दोन दिवस नकोत. नंतर चालतील, पण मऊ शिजवून. काटे जपून."

पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पुन्हा पेन टेकवलं. तेवढ्यात खुर्चीने एक हिसका दिला आणि ती वर जाऊ लागली.

डॉक्टरांनी आपल्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पाय खुर्ची हलवायच्या पेडलपासून हातभर लांब होते. खुर्ची वर गेली, थांबली, पाठीकडून सपाट झाली, पुन्हा वर गेली. पोस्टमास्तर दिव्याच्या इतके जवळ पोचले की त्यांनी दिव्याला मिठी मारली. डॉक्टर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी खाली वाकून पाहिलं. पेडलवर आडवा पडून मासा शेपूट आपटत होता, आणि शेपूट आपटेल तशी खुर्ची हलत होती.

डॉक्टरांनी कॉलेजात पाच वर्षं काढली होती, पण यासाठी काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

शेवटी ताईंनी ओल्या टॉवेलात मासा गुंडाळून बादलीत सोडला. त्याने एक घोट हवा घेतली आणि काहीच न घडल्यासारखा तळाशी जाऊन बसला. खुर्ची खाली आली. पोस्टमास्तर दाढेसकट उतरले, ज्या कागदी रुमालावर लिहिलं होतं तो त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि कुणाकडे न बघता निघून गेले.

"आज आण्णांना सांगून टाकायचं," डॉक्टर ताईंना म्हणाले. "हा परत न्या म्हणून. स्पष्ट."

बाराला आण्णा आले. काखेत झाकणाचा एक डबा होता. त्यांनी आधी टाकीकडे पाहिलं. एक एंजल कोपऱ्यात दबून उभा होता आणि सकर काच चाटत होता.

"बाकीचे?" त्यांनी विचारलं.

"खाल्ले," डॉक्टर म्हणाले. "त्याने."

आण्णा हळूच सोफ्यावर टेकले. त्यांचा चेहरा पाहून डॉक्टरांचं सगळं स्पष्ट बोलणं घशातच राहिलं.

"म्हणजे ती खरं बोलत होती," आण्णा म्हणाले. "याची भावंडं माझ्याकडे आहेत. माझी टाकी रिकामी झाली, तर मी तुमच्या सासूबाईंना बोललो. तू खाणं जास्त टाकतेस, पाणी सडतं, म्हणून मरतात. ती म्हणाली, हेच खातात. मी ऐकलं नाही. बारा दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाहीये. आज सकाळी तिने हा डबा समोर ठेवला आणि बोट दाराकडे केलं."

"डब्यात काय आहे?" ताईंनी विचारलं, पण त्या आधीच दोन पावलं मागे सरकल्या होत्या.

"भावंडं. म्हटलं, जावईबापूंची टाकी मोठी आहे."

डॉक्टरांनी सासूबाईंना फोन लावून आण्णांच्या हातात दिला. आण्णांनी तो परत डॉक्टरांच्या हातात दिला. "आधी तुम्हीच बोला. माझा आवाज ऐकला की ती ठेवते."

"आई, तुमचं बरोबर होतं," डॉक्टर फोनवर म्हणाले. "आण्णा इथेच आहेत. त्यांना तुमची माफी मागायचीय."

पलीकडून सासूबाईंचा आवाज मवाळ झाला. "असू दे. जेवायला वेळेवर या म्हणावं. पोचले ना चौघंही नीट?"

"कोण चौघं?"

"मासे. मी स्वतः मोजून घातलेत डब्यात."

डॉक्टरांनी फोन कानाला धरूनच डब्यात पाहिलं. मग ताईंनी पाहिलं. दोघांनीही बोटांवर मोजले. तीन.

"आण्णा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "वाटेत झाकण उघडलं होतंत का?"

"थोडंसं. बसमध्ये. त्यांना हवा लागते ना." आण्णांनी डब्यात वाकून पुन्हा मोजले. "गर्दी फार होती हो. सगळे चिकटून बसलेले. माझ्या शेजारी एक बाई, तिच्या मांडीवर उघडी भाजीची पिशवी."

"काय झालं?" फोनमधून सासूबाई विचारत होत्या. "बोला ना. चौघं नीट आहेत ना?"

डॉक्टरांनी आण्णांकडे पाहिलं. बारा दिवसांचा अबोला नुकताच कुठे सुटत होता.

"हो, आई," डॉक्टर म्हणाले. "चौथाही व्यवस्थित घरी पोचला असेल."