भय्याजींच्या ओसरीवरचं सुतक

भय्याजी भर दुपारी ओसरीवर येऊन बसले आणि उपरण्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडू लागले.

कोंढा गावाने भय्याजींना रडताना पाहिलं होतं ते फक्त कीर्तनात. तिथे तर टाळ वाजायचा अवकाश, त्यांचे डोळे भरून येत. पण ते रडणं पुण्याईत जमा व्हायचं. आजचं रडणं घरचं होतं.

कारण एवढंच होतं की दुपारच्या मालिकेतली सुमन विहिरीत पडली होती.

आता हे सांगावं कसं? निवृत्त मुख्याध्यापक, सप्ताह समितीचे अध्यक्ष आणि पवनीच्या साप्ताहिकातले समीक्षक! 'दुपारच्या मालिका लिहिणारे म्हणजे दुधात पाणी घालणारे नव्हेत, पाण्यात दूध दाखवणारे,' हे त्यांचं वाक्य तालुकाभर गाजलेलं. त्यात ही मालिका लिहायची त्यांची सख्खी पुतणी रूपा, मुंबईला राहून. यंदा काल्याच्या दिवशी कीर्तनकार महाराजांच्या हातून रूपाचा सत्कार करावा असं समितीत निघालं, तर अध्यक्षांनीच मोडता घातला होता. "सासू-सुनांची भांडणं लिहिणं, हे का लेखन होय? शाल कायले वाया घालवता?" सप्ताहासाठी गावी आलेल्या रूपाने ते ऐकलं.

मात्र दोष काढायचे तर पाहावं लागतं. भय्याजी वर्षभर रोज दोष काढत होते. आज पत्नी सत्यभामाबाई देवळात तांदूळ निवडायला गेलेल्या, त्यामुळे घरात मोकळेपणाने दोष काढता आले, आणि त्यातच घात झाला.

तळ्यावरून खांद्यावर जाळं टाकून इतवारी चालला होता. भय्याजींना पाहून तो थबकला, जाळं अंगणात ठेवून हळूच पायरीवर टेकला. दुःखाच्या घरी कोण गेलं असं विचारत नाहीत. नुसतं बसायचं असतं, ही गावची रीत.

"हिंमत ठेवा जी भय्याजी. ज्यानं देल्लं तोच नेते."

"लय सोसलं रे तिनं," भय्याजींच्या तोंडून निघून गेलं.

"सोसलं जी. गेलो का चहा पाजल्याबिगर सोडे नाही मले."

सुमनने इतवारीला चहा कधी पाजला, हे भय्याजींना कळेना. कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांची थोरली बहीण सखाबाई लाखांदूरला महिनाभर अंथरुणाला खिळलेली, हे गावाला ठाऊक होतं. इतवारीने मनातच गणित सोडवलं आणि उत्तर चार घरी सांगून आला.

घटकाभरात ओसरी भरली. शेजारच्या चंदाने आत जाऊन चुलीवरचं दूध उतरवलं आणि विस्तवावर पाणी ओतलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. रूपा शेजाऱ्यांकडून पिठलं-भाताचं पातेलं घेऊन आली. देवळातून धावत आलेल्या सत्यभामाबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या.

"अजी, कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं व! सखा बरी आहे."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "मायबाई, मन मानूनच नाही राहिलं त्यांचं!" आणि सगळ्या नव्याने रडू लागल्या.

"अरे, खरंच बरी आहे!" भय्याजी ओरडले.

"बोलू द्या त्यायले," इतवारी म्हणाला. "बोलल्यानं मोकळं होते मन."

दिवस कलताना समितीचे मधुकरराव महाराजांना घेऊन आले. महाराज जवळ बसले, त्यांनी भय्याजींचा हात हातात घेतला. "अध्यक्षांच्या घरी असं झाल्यावर टाळ कसा वाजवू? आज कीर्तन नको."

"अन् सुतकात तुमाले काल्याची हंडीबी नाही फोडता येणार," मधुकरराव म्हणाले.

भय्याजींनी उपरणं बाजूला केलं. त्यांच्या उभ्या हयातीत कोंढ्याच्या सप्ताहात कीर्तन चुकलं नव्हतं. आज ते बंद पडणार, आणि तेही एका टीव्हीतल्या बाईपायी! इकडे अब्रू, तिकडे पांडुरंग. त्यांनी विठ्ठलाचं नाव घेतलं आणि तोंड उघडलं.

तोच रस्त्यावर लाखांदूरची एसटी थांबली. "माह्या भाऊ रे! मले टाकून कुठं गेला रे!" असा टाहो फोडत, अंथरुणावरून उठून, नातवाचा हात धरून सखाबाई अंगणात आली. भय्याजींच्या घरी कोणी गेलं, एवढाच निरोप फोनवरून लाखांदूरला पोचला होता, आणि तिनेही आपल्या परीने गणित सोडवलं होतं.

भावाला समोर बसलेला पाहून तिचा टाहो अर्ध्यावर थांबला. तिला उभी पाहून इतवारी पायरीवरून घसरला.

"तू जिता हायेस?" सखाबाई म्हणाली.

"तू बी तं हायेस," भय्याजी म्हणाले.

"मंग मेलं कोण?" मधुकररावांनी विचारलं.

भय्याजींनी उपरण्याने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "सुमन," ते हळूच म्हणाले. "मालिकेतली."

मधुकररावांना हसू फुटणार, तोच चंदाने किंकाळी फोडली, "सुमन गेली? अन् आम्ही तिकडं तांदूळ निवडत बसलो!" आणि ओसरीवर पहिल्यांदाच खरंखुरं रडणं सुरू झालं.

भय्याजींची मान वर होईना. महाराजच बोलले, "आख्यानात राजाचं पोर मरते, तेव्हा तुम्ही ढसाढसा रडता. ते पोर तुमच्या नात्यातलं होतं? तिथं रडलं की भक्ती अन् इथं रडलं की लाज, हे कुठलं शास्त्र, गुरुजी?"

भय्याजींनी दारात उभ्या रूपाकडे पाहिलं. "काहून मारलं तू तिले, बाई?"

"मोठेबाबा, तुमीच तं लिहिलं होतं," रूपा म्हणाली. "'ही सुमन किती दिवस सोसणार? लेखिका तिला एकदाची विहिरीत का ढकलत नाही?' तुमचं साप्ताहिक दर आठवड्याले मागवते मी. मले पटलं ते."

आपला लेख कोणी मनावर घेतं, हे भय्याजींना आजवर ठाऊक नव्हतं. इतका मान आणि इतका पश्चात्ताप त्यांच्या वाट्याला एकदम कधी आला नव्हता.

रात्री कीर्तन झालं. काल्याच्या दिवशी हंडी फुटली, आणि अध्यक्षांनी स्वतः शाल आणून महाराजांच्या हाती दिली. महाराजांनी ती रूपाच्या खांद्यावर घालताच भय्याजी तिच्या कानाशी वाकले.

"विहिरीले पाणी किती होतं?"

"मोठेबाबा," रूपा शाल सावरत म्हणाली, "प्रेत कुठं दाखवलं मी?"

पुढच्या आठवड्यात साप्ताहिकात भय्याजींचा लेख आला. विहिरीत पडलेलं माणूस दोराला धरून वर येणं साहित्याच्या दृष्टीने मुळीच अशक्य नाही, असं त्यांनी त्यात सप्रमाण सिद्ध केलं होतं.