बहीण विचारणारे वकील

अंगठा मशीनवर ठेवायला मी हात पुढं केला आणि माझ्याच वकिलानं माझं मनगट धरलं.

"थांबा बाई," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, घर विकणाऱ्या बालाजीकडं बघून त्यांनी विचारलं, "बहीण कुठंय?"

नांदेडच्या रजिस्ट्री ऑफिसात ही गर्दी. आमचा नंबर पुकारलेला, बालाजीचा फोटो निघालेला, त्याचा अंगठा झालेला. माझा तेवढा राहिला होता. बाहेर टेंपोत माझं सगळं सामान भरून ठेवलेलं. दोन ट्रंका, पलंग, गॅसची टाकी, कुंडीतली तुळस. ज्या खोलीतून मी सकाळी निघाले, तिथं माझ्या पुतण्याच्या बायकोनं माझी पाठ वळायच्या आत शिवणाचं मशीन टाकलं होतं.

"एकुलता एक हाय म्हणून किती बार सांगू साहेब?" बालाजी म्हणाला.

"मग मनगटाला हे काय हाय?"

अंगठा देताना बालाजीनं बाही वर सारली होती. आत एक राखी होती. रंग उडालेला, स्पंज झिजलेला, एक सोनेरी मणी तेवढा लोंबत होता. राखी पौर्णिमा होऊन दसरा जवळ आला होता.

"देवाचा धागा हाय."

"देव मणी लावून देतो का?"

"शाळेतल्या एका पोरीनं बांधली."

"तुम्ही कवा गेले शाळेत?"

मागची माणसं हसली. क्लार्क म्हणाला, "वकीलसाहेब, करायचं का न्हाई? लोक खोळंबलेत."

"न्हाई करायचं." वकिलांनी फाईल बगलेत मारली आणि चालू लागले. मी त्यांच्या मागं. दारात टेंपोवाल्यानं विचारलं, "आजी, कुठं घेऊ?" 

हे अंबादासराव वकील. माणूस काडीसारखा, कोट काळा, पण पायात रबरी चप्पल. बूट घालत नाहीत, कारण पक्षकाराच्या घरात शिरताना काढायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आतले लोक खोटं बोलायची तयारी करतात, असं त्यांचं म्हणणं. स्वतःचा चहा थर्मासमध्ये घेऊन फिरतात. "पक्षकाराचा चहा पिला की जीभ गोड होती. वकिलाची जीभ कडूच पाहिजे." कोर्टात त्यांना बहीणवाले वकील म्हणतात, तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नाही.

हा वकील मी निवडला. कोणी गळ्यात मारलेला नाही. माझे मालक गेले, गुडघे गेले, कंधारचं घर विकलं आणि दवाखाना जवळ पडावा म्हणून नांदेडात पुतण्याकडं आले. दत्ता वाईट नाही. पण दुसऱ्याच्या घरात म्हातारी बाई म्हणजे अडगळ. हलवता येत नाही आणि टाकताही येत नाही. मला माझं दार पाहिजे होतं, आतून कडी लावायला. दोन खोल्यांचं बालाजीचं घर बघितलं, पसंत पडलं, इसार दिला. मग दत्ता म्हणाला, "काकू, वकील बघावा लागंल."

मी चौथी शिकले. कागद मला वाचता येतो, कळत नाही. माणूस मात्र कळतो. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसं तीन वकील बघितले.

पहिल्यानं मोबाईलमधून मान वर केली नाही. दुसरा गोड. "मावशी, तुम्ही काळजीच करू नका," असं मला म्हणाला आणि पुढं सगळं दत्ताशी बोलला, जसं काही घर दत्ता घेऊन राहिला. तिसरे हे. यांनी दत्ताला बाहेर बाकावर बसवलं. मला ना मावशी म्हणाले, ना अक्का. सरळ बाई. आणि पहिलाच प्रश्न, "विकणाऱ्याला बहीण हाय का?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "मी घर घेऊन राहिले, सोयरीक न्हाई."

"सोयरीक फसली तर माणूस परत येतो, बाई. घर फसलं तर कुठं जाल?" मग त्यांनी समजावून सांगितलं. बाप कागद न करता मेला की घरात पोरीचाही पोराइतकाच हिस्सा. पण आपल्याकडं पोरगी तो मागत नाही. भाऊ सणाला बोलावतो, साडी-चोळी करतो, पुरणपोळी वाढतो आणि हात धुतल्यावर हक्कसोडीचा कागद सहीला पुढं सरकवतो. काही भाऊ तेवढंही करत नाहीत. बहीणच नाही म्हणून सांगतात. "मग चार वर्षांनी ती बाई तुमच्या दारात उभी राहती. अन् तिचं बरोबर असतं."

मी यांनाच वकील केलं. दत्ता म्हणाला, "काकू, हा येडा हाय. लोकांचे जमलेले व्यवहार मोडतो." मी म्हटलं, "मोडू दे. फाटक्या गोधडीला शिवणारा लागत न्हाई, आधी भोक दाखवणारा लागतो."

पण येडे आहेत, हे खरं. एकदा बाजारात भेटले. मी मेथी घेत होते. त्यांनी मेथीवाल्याला विचारलं, "मळा कोणाचा? बहिणी किती?" त्यानं घाबरून दोन जुड्या जास्त दिल्या. "अहो, मेथी घ्यायची हाय, मळा न्हाई," मी म्हटलं. "मेथी मळ्यातच उगवती ना?" दत्ताच्या साडूच्या लग्नात तर स्टेजवर जाऊन नवरदेवाच्या कानात तेच. नवरदेवाला वाटलं, करवली रुसली. त्यानं तिला शोधायला माणसं पाठवली आणि फोटो अर्धा तास थांबले.

माझ्या कामात त्यांनी काही कसूर ठेवली नव्हती. जुने कागद काढले, पेपरात जाहीर नोटीस दिली. बालाजीच्या गल्लीत जाऊन विचारलं, पण तिथं सगळे नवे भाडेकरू. महापालिकेत घर बालाजीच्या एकट्याच्या नावावर. सगळं साफ होतं. फक्त राखी साफ नव्हती.

तर त्या दिवशी ऑफिसच्या बाहेर, लिंबाखाली, बालाजीनं कबूल केलं. बहीण आहे, कमल. भोकरजवळ दिलेली. दर राखीला येते.

"पण तिला काही नको हाय, साहेब."

"ती म्हणली, का तुम्ही म्हणता?"

"भावाला कळत न्हाई का?"

"भावाला तेवढंच कळत न्हाई," वकील म्हणाले आणि माझ्या टेंपोवाल्याला स्वतःच्या घरचा पत्ता दिला.

त्यांचं घर मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. वडलांचं, चांगलं मोठं, दगडी. माणूस एकटा. बायको वारलेली, पोरंबाळं नाहीत. पण सगळा संसार पुढच्या खोल्यांत कोंबलेला. खाट, चूल, कपाटं, कायद्याची पुस्तकं, कांद्याची पाटी, सगळं एकावर एक. मागच्या दोन खोल्या रिकाम्या. टेंपोवाला माझी ट्रंक तिकडं न्यायला लागला तर हे ओरडले, "तिकडं न्हाई. तिकडं आपलं काही न्हाई." मग माझा पलंग त्यांच्या खाटेवर उभा केला. ते रात्री कुठं झोपले असतील, देव जाणे. मी पिशवी घेऊन दत्ताकडं गेले आणि शिवणाच्या मशीनखाली पाय घालून पडले.

दुसऱ्या दिवशी एसटीनं भोकर. मी बरोबर गेले, कारण घर माझं जाणार होतं. कमल शेतात कापूस वेचायला गेलेली. आम्ही तिच्या ओट्यावर बसलो. ती आली ती कमरेला कापसाची ओटी बांधूनच. बोटं चिरलेली, चाळिशीची बाई. परका कोट बघून दारातच थबकली.

"माझा बालाजी बरा हाय ना?" हे तिचं पहिलं बोलणं.

"बरा हाय," वकील म्हणाले. "तुमच्या बापाचं घर विकून राहिला. तुम्हाला माहीत हाय का?"

ती खाली बसली. बराच वेळ ओटीतला कापूस दाबत राहिली. मग मला म्हणाली, "तुम्ही घेता?"

"हाव."

"मागच्या खोलीत उन्हाळ्यात लई उकडतं. झोपायला पुढंच टाका."

माझ्या मनात आलं, झालं. आता ही पदर डोळ्याला लावणार आणि मला काही नको म्हणणार. माझं कामही झटकन झालं असतं. पण वकिलांनी हक्कसोडीचा कागद काढला नाही. म्हणाले, "निम्मं तुमचं हाय. घ्यायचं का सोडायचं, तुम्ही सांगा. आज न्हाई सांगितलं तरी चालंल."

"सांगते की," कमल म्हणाली. "घेते. का सोडू? माझी पोरगी नर्सिंगला जाऊ म्हणती. तिला काय राखी खायला घालू?"

अंबादासराव तिच्याकडं बघतच राहिले. वीज पडल्यावर माणूस बघतो तसं. मग उठले आणि घाईनं चप्पल घालून रस्त्याला लागले. चप्पल उलटी घातली होती.

परतीच्या गाडीत ते थर्मास मांडीवर घेऊन बसले. मी म्हटलं, "तुम्हाला बरं वाटलेलं दिसत न्हाई."

"पहिल्यांदाच कोणी सरळ 'घेते' म्हणालं, बाई. बाकीच्या सगळ्या म्हणतात, मला काही नको."

"मग नसंल पाहिजे त्यांना."

"तसं नसतं."

मी विचारलं, "तुम्हाला बहीण हाय का?"

जन्मभर हा प्रश्न लोकांना विचारणाऱ्या माणसाला तो कोणी विचारला नसावा. त्यांनी थर्मास या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

"हाय."

"कुठंय?"

"देगलूरला. माझ्याहून ल्हान." थर्मासचं झाकण आवळत म्हणाले, "वडील गेले तवा मी नवा वकील. हक्कसोड मीच लिहिलं, साडी मीच आणली. नागपंचमीला माहेरी आली होती. मला काही नको दादा, म्हणली अन् सही केली. मी ते खरं धरलं."

"मग?"

"मग तिच्या मालकाचं दुकान बुडालं. घर गेलं. दिरानं पडवी दिली राहायला. मला कळवलं न्हाई. गावच्या माणसाकडून कळलं."

"मग द्यायचं की तिचं तिला."

"नेला ना कागद. निम्मं घर तुझ्या नावानं करतो, सही कर, म्हटलं. म्हणली, मला काही नको. तेच बोलली, तसंच. मागच्या खोल्या तिच्या म्हणून सोडल्यात. वापरत न्हाई मी."

"जाता का तिच्याकडं?"

"दर महिन्याला. ताट वाढती. भाकरी संपायच्या आत दुसरी टाकती. बोलत न्हाई."

मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "चूक तुमचीच हाय."

"हाव," ते म्हणाले आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढं धरला. बिनसाखरेचा होता.

आठ-पंधरा दिवसांनी रजिस्ट्री झाली. बालाजी आणि कमल एका बाकावर, मध्ये पिशवी ठेवून बसले होते. "ह्या वकिलानं घर फोडलं," असं बालाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होता. कमल म्हणाली, "वकिलानं फोडलं, का तू लपवलं? गप बस. सकाळपासून काही खाल्लं का न्हाई?" त्यानं नाही म्हणून मान हलवली. तिनं पिशवीतून दशमी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती तोंड दुसरीकडं करून खाल्ली, पण खाल्ली.

क्लार्कनं आम्हाला ओळखलं. "आता कोणाची बहीण राहिली का, वकीलसाहेब?" सगळे हसले. कमलनं सही केली, बालाजीनं अंगठा दिला, मग मी दिला. या वेळी मनगट कोणी धरलं नाही.

संध्याकाळच्या आत माझं सामान घरात आलं. मी पलंग पुढच्या खोलीत टाकला आणि कडी लावून बघितली. नीट बसते.

त्याआधी ऑफिसच्या दारात मी जिलबीचा पुडा फोडला होता. अंबादासरावांनी खाल्ली नाही. "बांधून द्या," म्हणाले. "देगलूरच्या गाडीला जायचंय."

"बोलली तर कळवा," मी म्हटलं.

"हाव."

दिवाळी होऊन गेली. त्यांनी काही कळवलेलं नाही. त्यांच्या बहिणीचं नाव सुमन. देगलूरला दिराच्या पडवीत राहते.