खात्याबाहेरचा ताप

१९७३ साली आटपाडीकडच्या माळावर सरकारनं दुष्काळी जनावरांसाठी छावणी उघडली. एरवी बारा गावची गुरं बारा माळांवर चरायची. आता ती एकाच दावणीला आली. महिन्याभरात गाई गाभ टाकू लागल्या. अहवालात नोंद झाली: 'गाभण जनावरे घटल्याने चाऱ्याची बचत.'

दादासो धनगराची गाय अडली, तेव्हा त्याच्या बायकोनं, तानुबाईनं, मेलेलं वासरू हातानं ओढून काढलं. तीन आठवड्यांनी तिला रोज सांजच्याला ताप भरू लागला. सांधे असे धरले की पदर सावरायलाही नवरा लागे.

छावणीतल्या माणसांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हिवतापाच्या गोळ्या दिल्या. ताप हटेना. कुंपणापलीकडे जनावरांचा दवाखाना होता. तिथून दादासोच्या गाईचं रक्त तपासायला गेलं होतं. उत्तर आलं: सांसर्गिक गर्भपात.

"हा माणसालाही होतो," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "असल्या वासराला हात लावला, कच्चं दूध प्यालं, की झालंच."

"मग हिचं बी रगात धाडा की, साहेब."

"आमच्याकडे फक्त जनावरं."

दादासो कुंपणाला वळसा घालून माणसांच्या डॉक्टरांकडे गेला.

"रोग गुरांचा आहे," ते म्हणाले. "आमच्या छापील यादीत नाही."

"आवं, पर ताप बायकूला हाय!"

"म्हणूनच तो खात्याबाहेरचा."

आठ दिवस दादासो कुंपणाच्या या बाजूनं त्या बाजूला जात राहिला. नवव्या दिवशी तानुबाई घोंगड्यावरून उठली आणि थेट गुरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

"मला गाय म्हून लिवा," ती म्हणाली. "जीव वाचला तर हुईन परत बाई."

जनावरांच्या डॉक्टरांनी फॉर्म ओढला. रंग: सावळा. वेत: चार. शिंगं: नाहीत.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं: 'जनावर बाधित. कळपापासून वेगळे बांधावे.' तो कागद आणि बायको घेऊन दादासो एसटीनं मिरजेला गेला. तिथल्या डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, हसले नाहीत, आणि सहा आठवड्यांचं औषध सुरू केलं. तानुबाई स्वतःच्या पायांनी घरी आली. फाट्यावर उतरल्यावर दादासो पटका डोळ्यांना लावून बराच वेळ उभा होता.

पाऊस झाल्यावर छावणी मोडली. गुरं बारा गावांना परतली. रोगही बरोबर गेला. दोन्ही खात्यांचा सत्कार झाला. एकाकडे या रोगाचा एकही माणूस नव्हता. दुसऱ्याकडे एक बाधित गाय चक्क बरी झाली होती.

समारंभात शहरी पाहुण्यांना गावचं अस्सल म्हणून धारोष्ण दूध देण्यात आलं. त्या पाहुण्यांत तुम्हीही होतात. उकळलं की सत्त्व जातं, असं तुम्हीच म्हणालात आणि दुसरा पेला मागितलात.