वायरकाकांचा तोतया

सोमवारी कचेरी उघडली तीच मुळी इंटरनेट बंद पडून, आणि वायरकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. नकाशे बनवणाऱ्या त्या कचेरीचं नेटवर्क सांभाळणारे ते एकटेच.

कॉम्प्युटरची जात मोठी भोळी. बाहेर काही पाठवायचं तर तो आधी सगळ्यांना ओरडून विचारतो, "बाहेरचं दार कोण?" खरं दार म्हणजे भिंतीवरचा राउटर. पण दुसऱ्याच कुणी "मीच!" म्हटलं, तर पासवर्डासकट सगळं त्याच्या हाती देऊन हा मोकळा! त्या तोतयाने ते पुढे धाडलं नाही, की इंटरनेट ठप्प. खऱ्या दाराचा पत्ता प्रत्येक मशीनमध्ये पक्का करून टाकला की ही भानगड मिटते. काका ते दोन वर्षं 'उद्या' करणार होते.

"साहेब, तोतया शिरलाय! आतलाच कुणीतरी."

"कोण?"

आजच रुजू झालेली टायपिस्ट स्वतःचा लॅपटॉप उघडून कोपऱ्यात बसली होती. काकांनी नुसती मान तिकडे वळवली. काकांनी सांगितलं म्हणजे झालंच, हा वीस वर्षांचा शिरस्ता. साहेबांनी तिला सांगून टाकलं, "सामान आवरा."

"अहो, पण मी केलं काय?" तिचे डोळे भरून आले. वर्षभर वणवण करून ही नोकरी लागली होती बिचारीला.

तिचा लॅपटॉप बंद झाला. इंटरनेट मात्र येईना. काका चरकले. एकेक वायर चाचपत निघाले, ते थेट स्वतःच्याच कपाटापाशी पोचले. आत एक जुना कॉम्प्युटर घुंईऽ करत होता. 'तोतया कसा शिरतो' याचं प्रात्यक्षिक शुक्रवारी काकांनीच त्यावर दाखवलं होतं आणि तो तसाच जोडून ते घरी गेले होते. आज मेन स्विच लागताच तो इमानाने कामाला लागला होता.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉम्प्युटर निदान विचारतो तरी. त्या पोरीला कुणी एक शब्द विचारला नव्हता. ते केबिनमध्ये धावले.

"साहेब, तोतया माझाच!"

"उगाच तिला पाठीशी घालू नका," साहेब हसले. "तुमचा मोठेपणा ठाऊक आहे मला."

"अहो, खरंच! माझं कपाट बघा!"

"तुमच्यावर संशय घेऊ? छे!"

पिशवी घेऊन दारात उभी असलेली टायपिस्ट हे ऐकत होती. ती तडक त्या घुंईऽ करणाऱ्या उघड्या कपाटाशी गेली आणि तिने वायर उपटली. दोन मिनिटांत बाहेर गलका झाला, "आलं! आलं!"

साहेब वरमले. त्यांनी उठून तिची माफी मागितली, तिला जागेवर बसवून आले. काका अजून मान खाली घालून उभेच होते.

"आता मला काढा, साहेब."

"तुम्हाला?" साहेब दचकले. "वेड लागलंय का? उद्या पुन्हा असा तोतया शिरला तर पकडणार कोण?"