पाण्याची गलाई

"आवं मास्तर, आंघोळ केल्याबिगर कुटं निगालाय?"

आण्णा जीपपुढं हात पसरून उभे होते आणि अख्खी गल्ली दारात आली होती. मी पुढच्या सीटवर, मागं बायको आणि दोन पोरी. मे महिन्यात चार दिवस पाचगणीला निघालो होतो. तिथं हॉटेलात गेल्यावर गरम पाण्यानं निवांत आंघोळ करू, असं ठरवून नुसतं तोंड धुऊन बाहेर पडलो होतो. ही इतकी घरगुती गोष्ट या माणसाला कळली कशी? गटाराला कान लावून, दुसरं काय!

"तुमच्या पाइपातनं आज चूळ भरल्यालं पाणी आलंय फकस्त," आण्णांनी गल्लीला जाहीर केलं. "चौघंबी पारोशी!"

बायकोनं ओढणीत तोंड लपवलं. मी हात जोडले, "आण्णा, तिथं जाऊन करतो की."

"तितं? पाणी दरीत सोडणार व्हय? आन् माजी कर्दळ काय पाचगणीच्या धुक्यावर जगवू?"

शेवटी चौघं उतरलो, घर उघडलं, आंघोळी केल्या, पुन्हा जीपमध्ये बसलो. ड्रायव्हर फिदीफिदी हसत होता. आण्णांनी त्यालाही उतरवला.

तर हे आण्णा. आमच्या आटपाडीकडचे बरेच लोक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी मुलखाबाहेर जातात. आण्णांनी सगळी उमर तमिळ मुलखात काढली. सराफांच्या पेढीतला केर गोळा करायचा, कारागिरांनी हात धुतलेलं पाणी बादलीनं आणायचं आणि त्यातनं सोन्याचा कण न् कण बाहेर काढायचा. त्यामुळं दुसऱ्याच्या दारात उभं राहून घाण पाणी मागायची त्यांना काडीची लाज नाही. धंदा पोरांच्या हवाली करून ते गावाकडं आले आणि त्यांच्या नजरेला पडलं आमच्या गल्लीचं गटार.

खरं सांगायचं तर गटार तसंच होतं. डास असे की शेरडू उचलून न्यावं. आण्णांनी आपल्या परसात मोठा खड्डा काढला, तळाला जाड प्लास्टिक अंथरलं, वर खडी आणि वाळूचे थर दिले. त्यात कर्दळ आणि पाणकणीस लावलं. गल्लीतली न्हाण्या-मोऱ्यांची सगळी पाइपं तिकडं वळवली. आधी एका टाकीत गाळ बसतो, मग पाणी खडीतनं, मुळ्यांतनं झिरपत जातं. मुळ्यांना चिकटलेले जीवजंतू घाण खातात आणि पलीकडच्या टोकाला निवळशंख पाणी बाहेर पडतं. ते लिंबाच्या झाडांना.

"गलाईच हाय ही," आण्णा म्हणतात. "फकस्त हितं सोनं न्हाई, पाणी निगतंय."

ते पाणी बाटलीत भरून ते उन्हात धरतात आणि येईल त्याच्या नाकाखाली नेतात. "घ्या वास! घ्या की!" परवा एका लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवालाही वास घ्यायला लावला. गडी अंतरपाट धरायच्या आधीच घामाघूम.

गल्लीत कुणाच्या घरी काय शिजलं, हे आता लपत नाही. "वैनी, काल मटण व्हतं न्हवं? तेलाचा तवंग आलाय. भांडी आदी राखंनं पुसत जावा." माझा सांगलीचा मेव्हणा आला, चांगला दोन दरवाजे भरेल असा, तेव्हा आण्णा हरखून गेले. "मास्तर, पावण्याला आठ दिस ठिवून घ्या. आंग मोटं हाय, पाणी बक्कळ लागंल!"

उन्हाळ्यात तर कहर. नळाला दिवसाआड पाणी, निम्मी गल्ली गावाला गेलेली. कर्दळीची पानं करपायला लागली की आण्णा दारोदार. "आज धुणं न्हाई काढलं?" एकदा मी चिडून म्हणालो, "आण्णा, चांगल्या पाण्याच्या दोन घागरी ओता की खड्ड्यात!"

"चांगलं पाणी मातीत ओताय मी येडा हाय व्हय? दुष्काळातला माणूस हाय मी!" मग नेहमीचं पालुपद. "थांबा थोडं. जत्रंला माजी पोरं येऊ द्या. सुना, नातवंडं, पोरांकडं ऱ्हायल्याली आमची म्हातारीबी येणार. मग तुमच्या पाण्याला इचारतोय कोण!"

ती जत्रा नेमकी आम्ही पाचगणीला असतानाच होती. म्हणून मी तिथं निर्धास्त होतो. तरी शॉवरखाली उभा राहिलो की जाळीतनं जाणारं पाणी बघून जीव तुटायचा. हा माणूस डोक्यात शिरला होता!

परत आलो तर जीप थांबायच्या आत आण्णा हजर. "आला? आदी आंघोळी करून घ्या."

माझा तोल सुटला. "आण्णा, पुरे झालं! घरात एवढी माणसं आलीत तुमच्या, सोडा की आता आमचा पिच्छा!" असं ओरडतच मी त्यांच्या बंगल्यात शिरलो. पोरांपुढंच निकाल लावायचा होता.

आत कुणी नव्हतं. वरपर्यंत सगळ्या खोल्या लख्ख झाडलेल्या, गाद्यांवर नव्या चादरी, घडी न मोडलेल्या. प्रत्येक खोलीला न्हाणी, पोरांसाठी हौसेनं बांधलेली. एकीत डोकावलो. फरशी ओली होती, नवा साबण फेसाळलेला. दुसरीत तेच. तिसरीतही तेच.

"पोरं येऊन गेली का?" मी हळूच विचारलं.

"न्हाई आली. सीझन हाय म्हणं धंद्याचा."

"मग या न्हाण्या ओल्या कशा?"

"समद्यात मीच केली आंघोळ," आण्णा म्हणाले. "पर एकट्याचं पाणी कितीसं पडतंय, मास्तर."